घरी तेल घातले असल्यास आधी सांगणे

माझ्या दुकानात काउंटरच्या मागे एक पाटी आहे. ‘घरी तेल घातले असल्यास आधी सांगणे. लाज बाळगू नये.’ ती मी स्वतः रंगवली, त्याला वीसेक वर्षं झाली असतील. मालवणच्या बाजारातून धक्क्याकडे जाणाऱ्या गल्लीत माझं दुकान आहे आणि मी जुने, रोलवाले कॅमेरे दुरुस्त करतो. पूर्वी पंखे आणि मिक्सरही करायचो, कारण मधली कित्येक वर्षं रोलच्या कॅमेऱ्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता त्याची फॅशन आली आहे. पुण्या-मुंबईहून कुरिअरने डबे येतात. तारकर्लीला समुद्र बघायला आलेली माणसं जाताना आजोबांचा कॅमेरा काउंटरवर ठेवतात आणि ‘हा चालेल ना, काका?’ असं विचारतात. आजोबा होते तेव्हा त्यांनी त्या कॅमेऱ्याकडे बघितलंही नसेल, पण ते मी बोलत नाही.

बाकी बरंच बोलतो. माझ्या तोंडाला हाड नाही, अशी गल्लीत ख्याती आहे. आमच्याकडची हवा खारी, त्यामुळे यंत्र आणि माणूस दोघंही लवकर गंजतात, आणि त्यावर लोक जे उपाय करतात ते बघून हसावं की रडावं कळत नाही. एकाने कॅमेरा दमट होऊ नये म्हणून तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला होता. भिंगाच्या कडीत इतका कोंडा गेला होता की ती फिरवली की जातं फिरवल्यासारखा आवाज यायचा. एका बाईने चुलीवरच्या फळीवर, सुक्या बांगड्यांच्या शेजारी ठेवला होता. तो कॅमेरा सुरू झाला, वास मात्र गेला नाही. चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवणाऱ्यांची तर गणतीच नाही. त्या कव्हरात बुरशी जशी पोसते तशी दुसरीकडे कुठेच पोसत नाही.

पण माझा खरा राग तेल घालणाऱ्यांवर. कोकणातल्या माणसाला काहीही करकरलं की तेल आठवतं. कुलूप, बिजागरी, सायकल, विहिरीचा रहाट, सगळ्याला खोबरेल. तसंच कॅमेऱ्याला. भिंगाच्या पोटात शटरच्या पाच पाकळ्या असतात, कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ. बटण दाबलं की त्या क्षणभर उघडतात आणि मिटतात. त्यांनी कोरडंच राहायचं असतं. तेलाचा थेंब पडला की त्या एकमेकींना चिकटतात. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. वेंगुर्ल्याचे एक निवृत्त शिक्षक कॅमेरा घेऊन आले होते, तेल घातल्याचं त्यांनी लपवलं, आणि मी दोन गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणालो, ‘गुरुजी, तेल घालणारा एक वेळ परवडला, घालून गप्प बसणारा नाही.’ त्यांचे कान लाल झाले. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

गेल्या माघात माझी आतेबहीण दुकानात आली. ती आता त्रेसष्ट वर्षांची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती वेंगुर्ल्याला गेली आणि आमच्या घराशी तिचा संबंध तेव्हापासून तुटल्यातच जमा होता. तिची आई, म्हणजे माझी आत्या, चार वर्षांपूर्वी वारली. आतेबहिणीने पिशवीतून चामड्याचं एक कव्हर काढून काउंटरवर ठेवलं. मी ते उघडण्याआधीच ओळखलं.

“आवशीच्या कपाटात होतो,” ती म्हणाली. “सुनेक जुन्या कॅमेऱ्यान फोटो काढूचो नाद लागलोहा. चलता काय बघ. आणि मामाक सांगू नको माझ्याकडसून इलो म्हणान.”

तिचा मामा म्हणजे माझे बाबा. कॅमेरा त्यांचाच.

बाबांचा मालवणात फोटो स्टुडिओ होता. हा दोन भिंगांचा कॅमेरा म्हणजे त्यांचा जीव. पोटाशी धरायचा, वरून मान घालून काचेत बघायचं, वरच्या भिंगातून माणसं दिसतात आणि खालच्यातून फोटो निघतो. बाबांचा हात दगडासारखा स्थिर होता. देवळातल्या समईच्या उजेडात, स्टँड न लावता, श्वास रोखून ते फोटो काढायचे आणि निरांजनाची वातसुद्धा हललेली दिसायची नाही. लोक म्हणत, ह्याचो हात म्हणजे खांब. बाबांना त्या बोलण्याचा अभिमान होता. संध्याकाळी ते थोडी घेत असत. थोडीच, आणि काम संपल्यावर. तेही सगळ्यांना माहीत होतं.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि आयटीआयचा फिटरचा कोर्स करून नुकताच घरी आलो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. स्टुडिओत मला रस नव्हता, पण कॅमेऱ्याच्या आत काय असतं ते बघायची खाज होती. त्या साली पावसाळा संपल्यावर शटर जरा जड झालं होतं. बाबा म्हणाले, सुकेल आपोआप, आणि कागद-रोल आणायला चार दिवस कोल्हापूरला गेले. जाताना सांगून गेले, “शटराक हात लावू नको. ता सुक्याच चलता.”

मी दुसऱ्याच दिवशी पुढचं भिंग उघडलं. फिटरला कोण शिकवणार, यंत्र म्हटलं की तेल हवंच. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी रिकामी होती, म्हणून आईच्या फणीपेटीतून खोबरेल घेतलं आणि टाचणीच्या टोकाने पाकळ्यांना लावलं. बंद करताना एका बारीक स्क्रूचं डोकं माझ्या जाड पेचकसाने घासलं गेलं. पण शटर असं चाललं की काय सांगू. लोण्यासारखं. बाबा परत आले, दोन-तीनदा बटण दाबून बघितलं आणि म्हणाले, “सुकला बघ. सांगलेलंय ना.” मी हसलो. मनात म्हटलं, तुमचं तुम्हाला असू दे.

ऑक्टोबरपासून माघापर्यंत तो कॅमेरा छान चालला. त्या महिन्यांत मालवणात बाबांचं काम होतं ते भर दिवसा, नाहीतर स्टुडिओतल्या तापलेल्या दिव्यांखाली.

माघात आतेबहिणीचं लग्न निघालं. आत्याचं गाव सावंतवाडीच्या पुढे, आंबोली घाटाच्या पायथ्याशी. आत्या विधवा होती आणि ही तिची एकुलती एक मुलगी. लग्नाला दुसरा फोटोग्राफर सांगायचा प्रश्नच नव्हता. भाऊ होता ना. आम्ही आदल्या दिवशीच गेलो. पाहुण्यांच्या मुलांचे हात लागू नयेत म्हणून बाबांनी कॅमेऱ्याची पिशवी अंगणातल्या मांडवात उंच खांबाला टांगली आणि ती रात्रभर तिथेच राहिली. मुहूर्त सूर्योदयानंतर लगेचचा होता. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. मला त्या सकाळचं एक दृश्य स्वच्छ आठवतं. आत्याने खोबरेलाची बाटली चुलीच्या वैलावर कलती करून ठेवली होती. तेल थिजून पांढरं झालं होतं आणि नवरीच्या केसांना लावायला ते वितळायची ती वाट बघत होती. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. माझ्यापासून बाटली दोन हातांवर आणि कॅमेरा वीस पावलांवर होता.

बाबांनी सकाळी दोन रोल काढले. अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र, सगळं. वाजंत्री इतकी जोरात होती की शटरचा आवाज त्यांना स्वतःलासुद्धा ऐकू येणं शक्य नव्हतं. दुपारी ऊन चढल्यावर पंगतीचा तिसरा रोल काढला.

घरी येऊन त्यांनी रोल धुतले आणि डार्करूममधून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. सकाळचे दोन्ही रोल हललेले. एकही फोटो धड नाही. नवरीचा चेहरा पुसल्यासारखा, भटजींचे हात धुरासारखे. आणि पंगतीचा रोल आरशासारखा स्वच्छ, पानातली वडीसुद्धा मोजता यावी असा.

लोकांना एवढं पुरे होतं. लग्नघर, थंडी, रात्रभर पाहुण्यांबरोबर घेतली असणार, सकाळी हात थरथरत होते, दुपारी उतरली. हिशेब कसा चोख जुळला. बाबा सांगत होते, “मी थेंब घेवक नाय. देवाची आण.” देवाची आण घेणाऱ्या माणसावर आमच्याकडे उलट जास्त संशय येतो.

आठ दिवसांनी आत्या आमच्या घरी आली. ओट्यावर शेजारपाजारचे चौघं बसलेले. आत्या ओरडली नाही. ती फोटोंचं पाकीट हातात घेऊन उभी राहिली आणि बाबांकडे बघत राहिली. बाबा माझ्याकडे वळले.

“झिला, तू मशिनरी शिकलंस मा? बघ रे, शटर अडाकता काय ता.”

मी कॅमेरा घेतला. दुपारची वेळ होती, मालवणचं ऊन, ओट्यावरची फरशी तापलेली. मी तो कानाशी धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि एकेक करून सगळे वेग दाबून बघितले. टक्. टक्. टक्. घड्याळासारखा. भिंगाच्या पुढचा स्क्रू माझ्या अंगठ्याखाली होता, तोच घासलेला. मला तेल आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं. पण शटर तर ठीक चाललं होतं, मग उगाच कशाला सांगायचं. मला कोणी विचारलं नव्हतं की तू हे उघडलं होतंस का. मी मूग गिळले.

“कॅमेऱ्यात काय एक खोट नाय,” मी म्हणालो.

आत्या एवढंच बोलली, “माझ्या एका चेडवाचा लगीन, आणि थंयच तुझो हात हललो.” पाकीट तिने ओट्यावर ठेवलं आणि गेली. त्या वर्षीच्या भाऊबिजेला ती आली नाही. पुढे कधीच आली नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी एसटीने तिच्याकडे गेले. घरात त्यांना कोणी बोलावलं नाही. त्यांनी कॅमेरा तिच्या पडवीत ठेवला, “मी आता ह्याका हात लावचंय नाय,” असं सांगितलं आणि परत आले. त्यांनी दारूही सोडली, त्याच दिवशी, कायमची. तर लोक म्हणाले, बघा, गुन्हा कबूल केला. सोडली नसती तर म्हणाले असते, बघा, अजून पितो. पुढे ते स्टुडिओत स्टँडवरच्या कॅमेऱ्याने पासपोर्ट फोटो काढत राहिले, समोर माणूस बसवून, बटणापुरता एक हात पुढे, दुसरा मागे बांधून. लग्नाचं काम त्यांच्याकडे पुन्हा आलं नाही. आई रोज संध्याकाळी ते घरात शिरले की त्यांच्या जवळून एकदा जायची, वास येतो का बघायला. वर्षानुवर्षं. ती गेली तेव्हाच ते थांबलं.

आणि माझं काय झालं? माझं बरं झालं. त्या ओट्यावर बसलेल्या चौघांनी गावभर सांगितलं की झील हुशार आहे, नुसत्या कानाने कॅमेरा ओळखतो. माझी पहिली गिऱ्हाइकं त्यातूनच आली. या दुकानाचा पाया बाबांच्या अब्रूवर घातलेला आहे, आणि मी चाळीस वर्षं त्यात बसून दुसऱ्यांच्या डोळ्यांतली कुसळं काढत होतो. गिऱ्हाइकांना मी हसत हसत सांगायचोही, ‘कॅमेरा कधी खोटं बोलत नाही. माझ्या बापाला विचारा.’ बाबांनी ते एकदा तरी ऐकलं असणारच, दुकान घरापासून किती लांब आहे.

आतेबहीण गेल्यावर मी कॅमेरा उघडायला घेतला. मोठ्या भिंगाने बघितलं तर घासलेला स्क्रू जागेवर होता. चाळीस वर्षांत तो माझ्याशिवाय कोणी उघडलेला नव्हता. भिंग निघालं आणि आधी वास आला, खवट खोबऱ्याचा. त्या क्षणीसुद्धा मला पूर्ण समजलं नाही, खरं सांगतो. माणूस स्वतःला वाचवायला किती वेळ काढतो. मी मनात म्हटलं, तेल होतं, पण त्या दुपारी शटर चालत होतं की. मग हात धुवायला मागे गेलो. मोरीच्या खिडकीत खोबरेलाची बाटली होती आणि माघाच्या गारठ्याने ती पांढरी थिजली होती.

मी बाटली उलटी धरली, तेल जागचं हललं नाही.

तरी मी खात्री करून घेतली. सवयच आहे तशी. शटर दिव्याखाली धरून कोमट केलं. बराच वेळ लागला, पण पाकळ्या हलू लागल्या. मग ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये, बांगड्यांच्या डब्यावर अर्धा तास ठेवलं. बाहेर काढून बटण दाबलं. पाकळ्या उघडल्या आणि उघड्याच राहिल्या, मग सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या पापण्यांसारख्या मिटल्या. एवढ्या वेळात नवरी मान वळवते, भटजी हात उचलतो, अक्षता खाली पडतात. जगातला कुठलाही हात असता तरी तो फोटो हललाच असता.

आतेबहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आवशीक सांगूक होया होता ता. ती मरासर म्हणा होती, माझ्या भावान माका फसवल्यान.” मग म्हणाली, “आता मामाक कित्याक सांगतंस? अठ्ठ्याऐंशी वर्साचो जीव. सांगान तुझा मन हलक्या होतला, त्येचा काय?”

ती बरोबर बोलत होती. मी तीन दिवस तिचंच ऐकलं. कॅमेरा पूर्ण साफ केला, लायटरच्या पेट्रोलने एकेक पाकळी धुतली, आतली बुरशी काढली, नवीन स्क्रू बसवला. पण चौथ्या दिवशी दुकानात एक कॉलेजची मुलगी आली, पाटी वाचली आणि घाबरत म्हणाली, “काका, मी तेल घातलंय. थोडंसंच.” तिने आत पाऊल ठेवताच सांगून टाकलं. मी तिला ओरडलो नाही. दुकान बंद केलं आणि घरी गेलो.

बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूला, खाली बसलो. कॅमेरा कव्हरात मांडीवर होता. त्यांनी तो बघितला आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

“बाबानू, ह्या शटरात तेल मी घातलेलंय,” मी म्हणालो. “तुमी कोल्हापूराक गेललास तेवा. खोबरेल. थंडीत ता थिजला, म्हणान फोटो हलले. दुपारी वितळला. ओट्यार मी बघलंय तेवा माका आठावलेला, पण मी सांगूक नाय.”

एवढं सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही. चाळीस वर्षांचं ते एवढंच निघालं.

ते रस्त्याकडेच बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

“मगे माझो हात बरो होतो?”

“बरो होतो, बाबानू.”

“मी त्या दिसा घेवक नाय होतंय.”

“नाय घेतलास.”

“माकाच नंतर वाटाक लागला,” ते म्हणाले, “घेतलंय की काय म्हणान. सगळीच सांगत होती.”

हे मात्र मला माहीत नव्हतं. बाकी सगळं मी मनात धरून गेलो होतो, त्यांचा राग, शिवी, काठीसुद्धा. पण ते स्वतःवरच संशय घेत म्हातारे झाले, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. मी कॅमेरा कव्हरातून काढून दिला. त्यांनी वरचं झाकण उघडलं, न बघता, बोटांना जागा पाठ होती. पोटाशी धरला आणि मान खाली घातली. काचेत समोरचा माड दिसत असणार. मी बघत होतो त्यांच्या हातांकडे. दोन्ही हात थरथरत होते, गेली पाच-सहा वर्षं थरथरतात, त्यांना कपसुद्धा अर्धाच भरून द्यावा लागतो. ते बघत राहिले, मग त्यांनी झाकण मिटलं.

“आता खरोच हलता,” ते म्हणाले, आणि कॅमेरा माझ्या मांडीवर परत ठेवला.

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

“माका सांगलंस ता ठीक,” ते म्हणाले. “आता जा, तुझ्या आतयेक सांगान ये.”

बाबांची आठवण शाबूत आहे. गल्लीत कोण कधी गेलं ते त्यांना तिथीसकट पाठ आहे. आत्याला अग्नी दिला तेव्हा ते स्मशानात सगळ्यांच्या मागे, एकटे उभे होते, आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते. ती नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

“जा,” ते पुन्हा म्हणाले.

मी उठलो, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेलो. कडी उघडून रस्त्यावर उभा राहिलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. बाबा ओट्यावरून बघत असणार.